श्वास मोजायला एक मिनिट

त्या मुलीला आणले तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. १९९१ सालचा मे महिना. लोह्याकडच्या एका वाडीवरून जीपमध्ये घालून आणलेली, बारा-तेरा वर्षांची, हाडे वर आलेली पोर. "सिस्टर, लेकराला लई दम लागायलाय," आई एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होती. नांदेडच्या एका रुग्णालयात नोकरीला लागून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. दम म्हणजे दमा, एवढीच माझी समज. मी तिला उशांना टेकवून बसवले, ऑक्सिजन लावला आणि कागदावर श्वासाच्या रकान्यात '२०' लिहून मोकळी झाले. मोजले मात्र नव्हते.

तेवढ्यात इनचार्ज सिस्टर फेरीवर आल्या. मनगटावरचे घड्याळ समोर धरून त्या पूर्ण एक मिनिट मुलीच्या पोटाकडे पाहत उभ्या राहिल्या. मग तिच्या तोंडाजवळ वाकल्या. "छत्तीस," त्या म्हणाल्या. "दमेकऱ्याला श्वास सोडताना कष्ट पडतात, छातीत शिट्टी वाजते. हिचा श्वास बघ, खोल आणि एकसारखा आहे. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतोय. आधी लघवी तपास, आणि डॉक्टरांना उठव." बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवली. रंग विटकरी झाला. पोरीला मधुमेह होता आणि तिचे रक्त आम्लाकडे झुकले होते.

आपल्या रक्तातही सोनाराच्या तराजूसारखा एक नाजूक काटा असतो. आम्ल आणि अल्कली यांचा तोल सांगणारा त्याचा आकडा, म्हणजे पीएच, ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहावा लागतो. तो राखायला दोन राखणदार आहेत. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून काही मिनिटांत काटा सावरतात. मूत्रपिंडे तेच काम सावकाश, तासा-दिवसांच्या हिशेबाने करतात. इन्सुलिन नसले की शरीर साखर वापरू शकत नाही, चरबी जाळू लागते आणि त्यातून आम्ले साचतात. मग फुप्फुसे जिवाच्या आकांताने श्वास ओढू लागतात. जर्मन वैद्य अॅडॉल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये या श्वासाचे वर्णन केले. मी ज्याला रोग समजले होते, ती त्या पोरीच्या देहाने स्वतःच शोधलेली तोड होती!

ती रात्र मी तिच्या खाटेशी काढली. सलाईन, इन्सुलिन डॉक्टरांनी सांगितले. पण ते थेंबाथेंबाने पोचवणे, दर तासाला साखर पाहणे, किती पाणी आत गेले आणि किती लघवी झाली याचा हिशेब ठेवणे, हे काम सिस्टरचे. इन्सुलिनबरोबर रक्तातले पोटॅशियम पेशींत शिरते आणि ते फार उतरले तर हृदयाचा ठेका चुकतो. म्हणून नाडीवर बोट. साखर घाईने उतरवायची नाही. लहान मुलाच्या मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून डोके दुखते का, गुंगी येते का, हे पुन्हा पुन्हा विचारायचे. पहाटे श्वास चोवीसवर आला. या वेळी मी तो मोजला होता.

पुढे बदली होऊन मी लातूरला आले. तिथे हाच काटा दुसऱ्या वाटेने कलताना पाहिला. हगवणीत आतड्यांतले अल्कलीयुक्त रस वाहून जातात आणि रक्त आम्लाकडे झुकते. नुसत्या उलट्या होत राहिल्या तर जठरातले आम्ल जाते आणि काटा उलट्या बाजूला कलतो. हातापायांना मुंग्या येतात, पेटके येतात, श्वास उथळ होतो. म्हणूनच "किती वेळा?" इतकेच "वरून की खालून?" हेही विचारावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या सिस्टरला पाणी आणि आजार यांचे नाते पुस्तकातून शिकावे लागत नाही. टंचाईत सर्वांत आधी कपात होते ती हात धुण्याच्या पाण्यात.

पटकीच्या रोग्यांच्या रक्तातून पाणी, क्षार आणि अल्कली कमी होते, हे विल्यम ओ'शॉनेसी या तरुण डॉक्टरने १८३१-३२ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवले. पुढे हाच गृहस्थ हिंदुस्थानात येऊन तारयंत्राच्या उभारणीसाठी गाजला. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून पाजले. मृत्यूचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आजच्या ओआरएसच्या पुडीत सोड्याऐवजी सायट्रेट असते. शरीरात गेल्यावर त्याचीही अल्कलीच होते. म्हणजे आईच्या हातातली ती पुडी हा आम्ल-अल्कलीच्या तोलावरचाच उपचार आहे.

आता मोठ्या रुग्णालयांत रक्तातले वायू मोजणारी यंत्रे आली. मनगटाच्या धमनीतून रक्त घ्यायचे, सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, सुई काढल्यावर जागा निदान पाच मिनिटे दाबून धरायची आणि नमुना लगेच यंत्राकडे न्यायचा. यंत्र अचूक सांगते, यात वाद नाही. पण नमुना कोणाचा, कधी घ्यायचा, हे सुचावे लागते खाटेजवळच. जन्मभर चुलीच्या धुरात बसलेली म्हातारी ऑक्सिजन लावल्यावर शांत झोपली, असे नातेवाईक समाधानाने सांगतात. सिस्टरने तिचे श्वास मोजले तर कळते की ही झोप नव्हे. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला, कार्बन डायऑक्साइड साचला आणि तिच्यावर गुंगी चढली आहे.

श्वास मोजायला एक मिनिट लागते. साठ खाटांच्या वॉर्डात एकच सिस्टर असेल तर नुसती ही एक फेरी व्हायला तास जातो. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिनामागे एक परिचारिका असा आहे. माझ्या नोकरीत तो मी बहुतेक कागदावरच पाहिला. मग रकान्यांत ओळीने '२०' उतरतात. ते लिहिणारी प्रत्येक जण आळशी असते, असे मी म्हणणार नाही. मीही लिहिले आहेत. पण त्या वीसच्या आड एखादा छत्तीस दडलेला असतो.

चौथ्या दिवशी ती पोर खाटेवर बसून भाकरी मागू लागली, तेव्हा आई माझ्याजवळ येऊन रडली. सुटकेचे रडणे असेल, असे मला वाटले. ती म्हणाली, "पंधरा दिवस झालं, घागरीनं पाणी पियालती ओ. पाणी आणायला दोन कोस जावं लागायलंय. हंडा संपीवला म्हणून मी तिला मारलं, सिस्टर."

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते? ज्या घरात पाणी मोजून प्यायचे, तिथे तहान हे लक्षण न ठरता अपराध ठरतो. त्या माउलीने आपल्या परीने हंडे तरी मोजले होते. मी श्वासही मोजले नव्हते.