काम नेमकं कुठं होतं?

आता एक साधा प्रश्न घेऊ. नाशिकला घरात बसून एक मुलगी न्यूयॉर्कच्या कंपनीचं काम करते. हे काम होतं कुठं? आपण चटकन म्हणतो, अमेरिकेत. पगार डॉलरमध्ये, साहेबही तिकडचे! पण १९६१ च्या आयकर कायद्यानं तसं मानलं नाही. भारतात बसून सेवा दिली, तर पगार भारतातच मिळवला. म्हणजे देह जिथं, तिथं काम. देकार्तला हे रुचलं नसतं. त्याच्या मते मन जागा व्यापतच नाही. देह मात्र जागतो. तिकडे सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात.

खरी गोम पुढं आहे. कंपनीची इथं शाखा नसली, की पुष्कळदा तिला नोकर न म्हणता 'कंत्राटदार' म्हणतात. एक शब्द बदलला आणि भविष्य निर्वाह निधी गेला, ग्रॅच्युइटी गेली, बाळंतपणाची भरपगारी रजा गेली. वेळ ते ठरवणार, काम ते तपासणार. मग ही स्वतंत्र कशी?

हा वाद आपल्याकडे जुनाच. सौराष्ट्रातल्या मिठागरांवरच्या आगरियांनाही मालक कंत्राटदारच म्हणत होते. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९५७ च्या सुमारास त्यांना कामगार ठरवलं. कामावर नियंत्रण कोणाचं, हे पाहिलं. पण तिथं मिठागर आणि मालक दोन्ही न्यायालयाच्या हाताशी होते. इथं मालक समुद्रापार, आणि वाद परदेशी न्यायालयातच चालेल असं कलम करारात बहुधा शेवटच्या पानावर असतं. सहीआधी आपण ते पान वाचतो का?