काट्यांतला कुसुंबी रंग

बेंबळी गावाच्या आसपासच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीच्या कडेने करडई पेरायची पद्धत जुनी. झाड फुलावर आलं की पानांचे आणि बोंडांचे काटे टणक होतात, मग गुरं ज्वारीत शिरत नाहीत. माळावरच्या उंटकटारीच्या कुळातलंच हे झाड, आणि त्याचे पूर्वज पश्चिम आशियातले रानटी. आपण मात्र तिला घाण्याच्या तेलामुळे ओळखतो, नाहीतर काटे धरण्याआधीच्या कोवळ्या पाल्याच्या भाजीमुळे. कापूस आणि रेशीम रंगवणाऱ्या रंगाऱ्यांना हवी असे ती तिची पाकळी.

करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर आणि पाण्यात सहज सुटणारा. लाल अगदी थोडा, एक टक्क्याहूनही कमी, आणि साध्या पाण्याला दाद न देणारा. वाळलेल्या पाकळ्या कुटून, फडक्यात बांधून पिवळं पाणी निघून जाईपर्यंत धुवायच्या. मग त्या खाराच्या पाण्यात मळायच्या. लाल रंग आता सुटतो, पण पाणी दिसतं मळकट, तपकिरी. त्यात लिंबू पिळलं की ते पाहता पाहता लालभडक होतं. सुती कापड बुडवायचं ते याच पाण्यात, आणि सगळं गार ठेवून. उष्णतेने हा रंग बिघडतो. बहुतेक वनस्पतिरंगांना सुतावर बसायला तुरटी लागते, याला लागत नाही. म्हणूनच मला हा रंग आपल्या रंगाऱ्यांच्या विद्येतला सर्वांत हुशार रंग वाटतो.

इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत करडईच्या फुलांचे हार सापडले. इंग्रजांच्या सरकारी कागदांना बांधायची लाल फीतही याच रंगात रंगवत. 1856 मध्ये पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम रंग तयार केला आणि पुढच्या काही दशकांत कुसुंब्याचा, म्हणजे करडईच्या या रंगाचा, बाजार बसला. उन्हात विटणारा, साबणात उतरणारा रंग स्वस्त रासायनिक रंगांपुढे टिकणार कसा?

आता पीकही मागे पडतंय. काढणीला पहाटेच जावं लागतं, कारण दवाने काटे मऊ असतात. ऊन चढलं की हाताला फडकी गुंडाळूनही रक्त निघतं. मजूर नको म्हणतात आणि शेतकरी हरभऱ्याकडे वळतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, त्यांत पाकळ्या खुडणंही सोपं झालं. फूल कोमेजू लागल्यावर पाकळी खुडली तर बी भरायचं थांबत नाही. तेल मिळतंच, वर रंगही मिळतो. नैसर्गिक रंगांच्या कपड्याला आज शहरात गिऱ्हाईक असताना ही पाकळी रानातच गळून जाऊ देणं परवडणारं नाही.

घरी करून पाहायचं असेल तर खार म्हणून धुण्याचा सोडा चालतो. रंगवलेलं कापड मात्र साबणाने धुऊ नका आणि सावलीतच वाळवा.