पाठीचे दुखणे आणि पेन्शनचा कागद

बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूत पलटणीतून परतलेला एकही माणूस नाही असे गाव क्वचितच आढळेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक मुलगा तेथे जात आला आहे. अठराव्या वर्षी भरती झालेला हा मुलगा चाळिशीच्या आसपास हवालदार होऊन घरी परततो. त्याची छाती ताठ असते, पण कंबर पुष्कळदा तशी राहिलेली नसते. चपला घालताना तो भिंतीला हात टेकतो. कोणी विचारलेच तर ‘काही नाही, जरा अवघडलंय’ म्हणून विषय टाळतो. या न बोलण्याची किंमत त्याला पुढे कागदावर मोजावी लागते. म्हणून हा लेखनप्रपंच.

पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक लवचीक गादी असते. तिच्या मधला भाग मऊ व पाणीदार, तर भोवतीचे कडे चिवट असते. वजन पेलून चालणे, वाकून ओझे उचलणे आणि डोंगराळ रस्त्यावर ट्रकमध्ये धक्के खाणे या सर्वांचा भार मुख्यतः कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर पडतो. कडे फाटून आतला भाग बाहेर आला व मज्जातंतूवर दाबला गेला की पायात कळ उतरते. ज्याने वीस वर्षे पिट्टू पाठीवर वागविला त्याला हे शिकविण्याची गरज नाही. मात्र वयोमानाने या गाद्या सर्वांच्याच झिजतात हेही तितकेच खरे. आयुष्यभर खुर्चीवर बसलेल्या आम्हा मास्तरांच्यासुद्धा! दाव्याची सारी अडचण येथेच उद्भवते, कारण हात तुटला तर कोणी वाद घालीत नाही. पाठीचे दुखणे नोकरीचे की वयाचे, हे मात्र एक्स-रे सांगत नाही.

नियमाची मूळ कल्पना सरळ आहे. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले असेल, अथवा सेवेमुळे वाढले असेल, आणि ते किमान २० टक्के ठरले असेल, तर नेहमीच्या निवृत्तिवेतनाखेरीज अपंगत्वाचा हिस्सा मिळतो. ‘वाढले असेल’ हे शब्द पाठीच्या रुग्णाच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. दुखणे मुळात प्रकृतीचे असले तरी सेवेच्या श्रमांनी ते बळावले एवढे दिसल्यास पुरे. परंतु निवृत्तीच्या वेळी बसणारा मेडिकल बोर्ड पुष्कळदा ‘सेवेमुळे आले नाही, वाढलेही नाही’ असा शेरा मारतो. कारण म्हणून ‘प्रकृतिजन्य’ किंवा ‘शांतता क्षेत्रात सुरुवात’ एवढेच दोन शब्द लिहितो. शांतता क्षेत्रात पहाटेची दौड, परेड व ओझी उचलण्याची फटीग बंद असते काय?

धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जे सांगितले ते प्रत्येक माजी सैनिकाने वाचावे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर सैनिक निरोगी होता असे धरावयाचे. पुढे प्रकृती ढासळली तर ती सेवेमुळे, असे गृहीत धरावयाचे. हे नाकारणाऱ्या बोर्डाने आपली कारणे नोंदविली पाहिजेत. तो निकाल १९८२ च्या नियमांवर आधारलेला होता. पुढे २००८ व २०२३ मध्ये नियमांची भाषा बदलली, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेबाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू झाले. म्हणून दुसऱ्याच्या अर्जाची नक्कल करण्यापूर्वी आपली निवृत्तीची तारीख पाहावी.

शेजारच्या गावातील एक हवालदार आपले कागद घेऊन माझ्याकडे आले होते. इंग्रजी शेरा वाचून दाखवा, एवढीच त्यांची विनंती. बोर्डाने अपंगत्व २० टक्के मानले होते, मात्र सेवेशी संबंध नाकारला होता. बर्फाळ चौकीवर सामान वाहताना ते एकदा घसरले होते. ‘सर, दोन दिवस पडून राहिलो, मग ड्यूटीवर गेलो. रिपोर्ट कशाला करायचा?’ असे ते म्हणाले. कंपनीत त्या प्रसंगाचा इंज्युरी रिपोर्ट झालाच नव्हता. बोर्डापुढील स्वतःच्या निवेदनातही त्यांनी चौकीचे नाव लिहिले नव्हते. सुदैवाने पुढच्या वर्षी लष्करी रुग्णालयात काढलेल्या तीन आठवड्यांचे कागद घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत निघाले, आणि अपिलाला पाय मिळाले.

या वादात पैसा किती, हेही पाहावे. १ जानेवारी २००६ नंतरच्या सूत्राप्रमाणे १०० टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते, कमी अपंगत्वास त्या प्रमाणात. वेतन ४०,००० रुपये धरल्यास २० टक्क्यांचे २,४०० होतात. पण ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० धरण्याची तरतूद आहे. म्हणजे ६,००० रुपये. ही तरतूद मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू आहे, असे राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. महिना सहा हजारांत घरातील एका मुलीचे कॉलेज होते.

दावा फेटाळल्याचे पत्र आले म्हणजे पहिले अपील सहा महिन्यांत करावे. तेही फेटाळले तर दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करीत आहे. गोवा व बडोदे येथील बांधवांना मुंबईचे खंडपीठ, इंदूर-ग्वाल्हेरच्या बांधवांना जबलपूरचे, तर आम्हा कर्नाटकवासीयांना कोचीचे.

विलंबाबद्दल एक उदाहरण पुरेसे आहे. तरसेम सिंग हे १९८३ मध्ये वैद्यकीय कारणाने सेवेबाहेर झाले आणि न्यायालयात गेले ते १९९९ मध्ये. २००८ च्या निकालात त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, पण थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीनच वर्षांची दिली. मधली तेरा वर्षे हातची गेली.

बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत घरी नसल्यास आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागावी. न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जासाठी मार्गदर्शन मिळते. इंग्रजीची भीती वाटत असेल तर गावातील शाळेत जावे. कोणताही शिक्षक तो शेरा वाचून देईल, आणि त्यासाठी कोणी पैसे मागू नयेत.