जांबोरीस जाणाऱ्यांसाठीं

'जांबोरी' हा शब्द आमच्या शाळेंतील बालवीरांस व वीरबालांस नवा नाहीं. ज्यांनीं मुंबई पाहिली आहे त्यांनीं वरळीच्या जांबोरी मैदानाचें नांवही ऐकिलें असेल. परंतु साऱ्या जगांतील बालवीरांचा जो मेळा साधारणतः दर चार वर्षांनीं तंबूंत भरतो, त्यास कोणीं जावें, कसें जावें, बरोबर काय न्यावें, असे प्रश्न मुलें आम्हांस वारंवार विचारितात. पालकांचा प्रश्न मात्र एकच असतो: "आमचें मूल सुखरूप परत येईल ना?" हा प्रश्नच आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो डोळ्यांपुढें ठेवून पुढील माहिती देत आहों.

पहिली जागतिक जांबोरी १९२० सालीं लंडन शहरीं ऑलिंपिया नांवाच्या भव्य इमारतींत, म्हणजे छपराखालीं, झाली. दुसरी १९२४ सालीं डेन्मार्क देशांत कोपनहेगनजवळ भरली; तेव्हांपासून उघड्या मैदानांत तंबू ठोकून राहावयाचें, हा परिपाठ पडला. सव्विसावी जांबोरी पोलंड देशांत ग्दान्स्क शहराच्या सोबिएशेवो बेटावर ३० जुलै ते ८ ऑगस्ट २०२७ या दिवसांत भरावयाची ठरली आहे. हें बेट बाल्टिक समुद्राच्या कांठीं, व्हिस्चुला नदीच्या मुखांपाशीं आहे.

या मेळ्यास जाण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग मुलांचा. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींस त्यांत भाग घेतां येतो. नऊ-नऊ मुलांचे चार संघ व त्यांवर चार प्रौढ नायक, असें चाळीस जणांचें एक पथक होतें. दुसरा मार्ग सेवकांचा. अठरा वर्षें पूर्ण झालेला बालवीर स्वयंसेवक म्हणून जातो, स्वयंपाकघरांत, दवाखान्यांत किंवा पहाऱ्यावर पडेल तें काम करितो, आणि त्यासाठीं स्वतःची वर्गणीही भरतो. तिसरा मार्ग दिवसाच्या पाहुण्यांचा. ठरलेल्या दिवशीं तिकीट काढून आंत जावें, प्रदर्शनें व देशोदेशींचे खेळ पाहावेत आणि संध्याकाळीं परतावें. मुलें जेथें निजतात त्या तंबूंच्या वस्तींत पाहुण्यांस सामान्यतः प्रवेश नसतो. याचा राग मानूं नये; तो मुलांच्या रक्षणाचा नियम आहे. पहिल्या दोन मार्गांनीं जाणाऱ्यास परस्पर अर्ज करितां येत नाहीं. आपल्या देशांतून निवड भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेमार्फत होते. म्हणून चौकशीचें पहिलें ठिकाण आपल्या शाळेचे पथकनायक हेंच होय.

'उन्हाळी मेळा' म्हटल्याबरोबर आपल्या मनांत वैशाखाचें ऊन उभें राहतें. आपली अठरावी राष्ट्रीय जांबोरी राजस्थानांत रोहट येथें भरली ती जानेवारी २०२३ मध्यें, म्हणजे थंडीच्या दिवसांत. युरोपांत याच्या उलट आहे. तेथें जुलै-ऑगस्ट हेच सुट्टीचे व बाहेर राहण्याजोगे दिवस. ग्दान्स्क येथें त्या सुमारास दुपारीं सुमारें २२ अंश व पहाटे सुमारें १४ अंश उष्णता असते. सूर्य रात्रीं नवाच्या सुमारास मावळतो. म्हणून निजण्याची वेळ उजेडावरून न ठरवितां घड्याळावरून ठरवावी.

परंतु आकाशावर कोणीं फार भरंवसा ठेवूं नये. १९२९ सालीं इंग्लंडांत बर्कनहेड गांवीं ॲरो पार्क येथें तिसरी जांबोरी भरली असतां इतका पाऊस पडला कीं सारें मैदान चिखलानें भरून गेलें. तरीही तो मेळा पार पडला, आणि ती चिखलाची जांबोरी म्हणून लोकांच्या स्मरणांत राहिली. याहून कठीण प्रसंग १९२९ नंतर ९४ वर्षांनीं कोरियांत आला. ऑगस्ट २०२३ मध्यें दक्षिण कोरियांतील सेमांगम येथें सुमारें ४३,००० जण जमले होते. समुद्र हटवून केलेली ती जमीन सपाट होती. झाडाची सावली नव्हती, पावसाचें पाणी जागोजाग साचलें होतें, डांस फार होते, आणि शौचकूपांची सोय अपुरी पडली. उष्णता ३५ अंशांच्या आसपास गेली आणि शेंकडों मुलांस उन्हाची बाधा झाली. सर्वांत मोठें पथक ब्रिटनचें, सुमारें ४,५०० जणांचें; तें मेळा अर्ध्यावर टाकून राजधानींत गेलें. पुढें तुफान येत आहे असें कळल्यावर ८ ऑगस्ट रोजीं उरलेल्या सर्वांस हजाराहून अधिक मोटारगाड्यांतून सुरक्षित ठिकाणीं नेण्यांत आलें.

या दोन गोष्टींवरून आम्ही एक धडा घेतला. चिखलानें कपडे बिघडतात, पण उन्हानें जीव जातो. आणि दोन्हींचा उपाय घरून निघण्यापूर्वींच करावा लागतो. पालकांनीं पथकनायकांस बेधडक विचारावें: पिण्याचें पाणी तंबूपासून किती दूर आहे? सावलीची सोय काय? दवाखाना कोठें आहे? वादळ आल्यास मुलांस कोणत्या पक्क्या इमारतींत नेतील? असे प्रश्न विचारणें हा अविश्वास नव्हे. तें पालकांचें कर्तव्य आहे.

सामान थोडें पण नेमकें असावें. जमिनीवर अंथरण्यास मेणकापड, झोपण्याची उबदार पिशवी, एक लोकरीचा स्वेटर, रेनकोट, रुंद कांठाची टोपी, पायांस सरावलेले बूट, मोज्यांचे निदान पांच जोड, पाण्याची बाटली, ताट-वाटी-पेला व विजेची बत्ती एवढें अवश्य घ्यावें. नवे बूट घेऊन जाणें म्हणजे फोड विकत घेणें होय. कोरडे कपडे व मोजे प्लास्टिकच्या पिशवींत बांधून ठेवावे. मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या आणि नेहमींचें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बरोबर असावें. मोबाइल फोनवर सर्व भिस्त ठेवूं नये. घरचा व पथकनायकांचा क्रमांक कागदावर लिहून खिशांत ठेवावा. पोलंडचें घड्याळ त्या दिवसांत आपल्याहून साडेतीन तास मागें असतें, हें घरच्या माणसांनींही लक्षांत ठेवावें. तेथें रात्रीचे आठ वाजतात तेव्हां आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात.

कागदपत्रांस वेळ लागतो. पोलंडास जाण्यासाठीं भारतीय प्रवाशांस शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपासून करितां येतो, आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. अल्पवयीन मुलाच्या अर्जास आईबापांची लेखी संमति जोडावी लागते.

जेवण बहुधा संघानें स्वतः रांधावयाचें असतें. जो मुलगा घरीं कधीं चुलीपाशीं बसला नाहीं, त्यानें निघण्यापूर्वीं भात, वरण व बटाट्याची भाजी एवढें तरी शिकावें. शाकाहारी असल्यास तसें अर्जांतच लिहावें. तेथें स्कार्फांची व बिल्ल्यांची अदलाबदल मोठ्या हौसेनें चालते; आपल्या पथकाचे थोडे अधिक बिल्ले न्यावे, पण पैसे देऊन किंवा घेऊन हा व्यवहार करूं नये. सर्व धर्मांच्या उपासनेची सोयही अशा मेळ्यांत असते. आपली प्रार्थना चुकवूं नये, आणि दुसऱ्याची चालली असतां तेथें गलबला करूं नये.

आतां शेवटची गोष्ट. एकदां आमच्या शाळेच्या सहलींत एक मुलगा टेंकडी चढतांना मागें पडूं लागला. डोकें दुखतें काय, असें विचारिल्यावर तो दोनदां "नाहीं" म्हणाला, आणि तिसऱ्यांदा विचारण्यापूर्वींच खालीं बसला. सकाळपासून तो पाणी प्याला नव्हता. मित्र हंसतील म्हणून बोलला नव्हता. सावलींत निजवून, ओल्या पंच्यानें अंग पुसून, मीठ-साखरेचें पाणी घोट-घोट पाजल्यावर तो सावरला. त्या दिवशीं परमेश्वरानें आम्हां सर्वांवर दया केली, असें आम्ही मानितों.

म्हणून मुलांनो, डोकें दुखणें, चक्कर येणें, मळमळणें, पायांत गोळे येणें, लघवी गडद होणें यांपैकीं कांहीं दिसतांच तत्काळ सांगा. सोबती असंबद्ध बोलूं लागला तर त्याचें अंग गार करीत असतांनाच दवाखान्यांतील माणसांस हांक मारा. 'तयार राहा' हें तुमचें ब्रीद आहे. त्याचा अर्थ पिशवी भरून ठेवा एवढाच नाहीं. "मला बरें वाटत नाहीं" हे चार शब्द वेळेवर उच्चारण्यास जो तयार असतो, तोच खरा बालवीर; आणि असें मूल कोणत्याही मैदानावर पाठविण्यास आईबापांनीं भिऊं नये.