माळवद कशावर उभं असतं?

उमरगा, लोहारा, कळंब या भागातल्या जुन्या गावठाणात अजून माळवदाची घरं आहेत. काळ्या दगडाच्या जाड भिंती, बुटकं दार, वर मातीचं सपाट छत. बघणाऱ्याला वाटतं, हे ओझं भिंतींनी पेललंय. नीट बांधलेल्या घरात ते लाकडी सांगाड्याने पेललेलं असतं.

जोतं झालं की आधी खांब उभे राहतात. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर ठेवतात. म्हणजे लाकडाला ओल लागत नाही. खांबांवर तुळया येतात. दोन तुळयांमधला गाळा म्हणजे खण, आणि घराचं मापही खणांतच सांगतात. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर पाला आणि चिखलाचा थर.

सगळ्यात वर येते पांढरी माती. शेतात काळीचं सोनं होतं, पण छतावर ती चालत नाही. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि पुढच्या पावसात गळते. जुन्या वस्तीच्या जागेवरची पांढरी तशी फुगत नाही, चोपली की घट्ट बसते. तिला पन्हळीकडे उतार देतात. उजेडाला आणि धुराला छतात साणं ठेवतात. मातीचा हा थर सावकाश तापतो, म्हणून मे महिन्यातल्या भर दुपारीही माजघर गार असतं.

भिंत उभी करताना दगडाच्या दोन तोंडी रचतात, आत आणि बाहेर. मधली पोकळी चिपा आणि मातीने भरतात. दोन्ही तोंडींना जोडणारे लांब आरपार दगड घातले तरच ती एक भिंत. नाही घातले, तर त्या शेजारी उभ्या असलेल्या दोन भिंती.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात हा फरक जीवघेणा ठरला. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. किल्लारीपासून सास्तूरपर्यंत अशा भिंती पोटातून फुगून फुटल्या. जिथे छत थेट त्यांच्यावर टेकलेलं होतं, तिथे तेही खाली आलं. गळती थांबवायला वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेला होता. दीड फूट माती म्हणजे एका चौरस मीटरवर पाऊण टनाच्या आसपास वजन! हजारो माणसं त्याखाली गेली. भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला, अशीही घरं होती, आणि त्यांत माणसं वाचली. तरीही नंतर सगळा दोष माळवदावर आला, हे मला पटत नाही.

ज्यांचं माळवद अजून नांदतं आहे, त्यांना कळकळीची विनंती. पावसाळ्याआधी नवी माती टाकण्यापूर्वी जुनी खरवडून काढा, थर वाढू देऊ नका. खांबाचा बुंधा आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं वाळवीसाठी तपासा. भिंतीत आडवे दर चार फुटांना आणि उभे दर दोन फुटांना आरपार दगड हवेत. नसतील तर जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली भोक पाडून तिथे सळईसह काँक्रीट भरून घ्या. घर पाडायचा निर्णय एवढं केल्यावर घ्या.