फोनमधला चित्रपट टीव्हीवर पोहोचतो कसा?

फोनवर किंवा संगणकावर असलेली चित्रफीत तारेशिवाय टीव्हीवर दाखवण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिल्यात फोन टीव्हीला फक्त काय लावायचे ते सांगतो आणि टीव्ही ती चित्रफीत इंटरनेटवरून स्वतः आणतो. दुसऱ्यात संगणकावरची फाइल टीव्ही घरच्या वाय-फायवरून मागून घेतो. तिसऱ्यात फोनचा स्क्रीन जसाच्या तसा टीव्हीवर उमटतो. पाहणाऱ्याला तिन्ही प्रकार सारखेच वाटतात, परंतु प्रत्येकात कामाची वाटणी वेगळी असते. चित्र अडखळते, आवाज येत नाही, फोन तापतो किंवा मोबाइलचा डेटा संपतो, तेव्हा त्याचे कारण बहुतेक वेळा या वाटणीतच सापडते.

चित्र आक्रसते कसे?

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला सुमारे १,४९३ मेगाबिट माहिती तयार होते. अशी कच्ची चित्रफीत मिनिटाला ११ गिगाबाइट जागा खाईल. घरगुती वाय-फायवरून एवढा ओघ सलग वाहत राहणे कठीण असते, म्हणून चित्र आधी आक्रसून घ्यावे लागते.

हे काम दोन पातळ्यांवर चालते. पहिली पातळी एकाच चौकटीच्या आतली. चित्राचे लहान लहान चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनात उजेड कुठे सावकाश बदलतो, कुठे झपाट्याने बदलतो, याची नोंद केली जाते. अगदी बारीक आणि झपाट्याचे बदल डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, त्यामुळे त्यांची माहिती ढोबळ केली तरी चालते. यामागच्या गणिताला ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ म्हणतात. बंगळूरमध्ये जन्मलेले नसीर अहमद यांनी १९७२ मध्ये या कल्पनेवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला, पण तो मिळाला नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आजची डिजिटल छायाचित्रे आणि चित्रफिती मोठ्या प्रमाणावर याच गणितावर किंवा त्याच्या सुधारित रूपांवर उभ्या आहेत.

दुसरी पातळी चौकटी-चौकटींमधली. बातम्या देणाऱ्या निवेदिकेचे चित्र घेतले, तर मागची भिंत आणि समोरचे टेबल सेकंदामागून सेकंद तसेच असते. हलतात ते ओठ, डोळे आणि थोडीफार मान. म्हणून पूर्ण चौकट अधूनमधूनच पाठवली जाते. मधल्या चौकटींत फक्त बदल नोंदलेले असतात: हा चौकोन आधीच्या चौकटीतल्या अमुक जागेवरून उचल, इतका सरकव, एवढा फरक त्यात मिळव. वाटेत काही माहिती हरवली, तर चुकीच्या चौकोनावर पुढचे बदल चढत जातात आणि चेहरा ओघळल्यासारखा दिसतो. पुढची पूर्ण चौकट आली की चित्र पुन्हा स्वच्छ होते.

२००३ मध्ये आलेल्या एच.२६४ या मानकामुळे फुल एचडी चित्रफीत सेकंदाला ५ ते ८ मेगाबिटमध्ये चांगली दिसू लागली. २०१३ चे एच.२६५ तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मी माहिती वापरते. २०१८ मध्ये एव्ही१ हे मानक आले. आक्रसलेले चित्र पुन्हा उलगडण्यासाठी टीव्हीच्या चिपमध्ये खास मंडले असतात. ती कारखान्यातच घडतात, त्यामुळे जुन्या टीव्हीला नवे मानक सॉफ्टवेअर अद्ययावत करून सहसा शिकवता येत नाही.

फोनला टीव्ही सापडतो कसा?

टीव्ही आणि फोन एकाच राउटरला जोडलेले असले, तरी त्यांना एकमेकांचा पत्ता ठाऊक नसतो. राउटर प्रत्येक उपकरणाला तात्पुरता पत्ता देतो आणि तो बदलूही शकतो. म्हणून फोन घरच्या जाळ्यातल्या एका सामायिक पत्त्यावर हाक देतो. ‘यूपीएनपी’ या पद्धतीत हा पत्ता २३९.२५५.२५५.२५० असा ठरलेला आहे. त्या पत्त्याकडे कान लावून असलेली उपकरणे आपले नाव, आपला पत्ता आणि आपल्याला काय काय जमते ते कळवतात. फोनवर टीव्हीचे नाव दिसू लागते ते या उत्तरानंतर. क्रोमकास्टसारखी उपकरणे यासाठी दुसऱ्या सामायिक पत्त्याचा वापर करतात, पण तत्त्व तेच असते.

हॉटेलात, वसतिगृहात किंवा राउटरच्या ‘गेस्ट’ जोडणीवर टीव्ही दिसतच नाही, याचे कारणही इथेच आहे. सुरक्षेसाठी अशा ठिकाणी एका उपकरणाची हाक दुसऱ्यापर्यंत पोहोचू दिली जात नाही.

पहिला मार्ग: कास्ट

यूट्यूबसारख्या अ‍ॅपमधले ‘कास्ट’चे चिन्ह दाबले, की फोन टीव्हीला त्या चित्रफितीची ओळख आणि कुठून सुरू करायचे ती वेळ कळवतो. मग टीव्हीच कंपनीच्या सर्व्हरशी जोडला जातो आणि चित्र थेट तिथून आणतो. फोन त्यानंतर रिमोटपुरता उरतो. तो बंद ठेवला, त्यावर कोणाचा फोन आला, तरी चित्र चालू राहते. ही कल्पना नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांनी आखलेल्या ‘डायल’ या संकेतातून पुढे आली. जुलै २०१३ मध्ये गूगलने ३५ डॉलरचे क्रोमकास्ट बाजारात आणल्यावर ती घरोघरी पोहोचली.

इंटरनेटचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून सर्व्हरवर तीच चित्रफीत अनेक दर्जांत, काही सेकंदांच्या तुकड्यांत ठेवलेली असते. टीव्ही पुढचे काही तुकडे आधीच साठवून ठेवतो आणि वेग घटला की पुढचा तुकडा कमी दर्जाचा मागवतो. चित्र मधेच धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होते ते त्यामुळे. या मार्गात डेटा खर्च होतो तो टीव्ही ज्या जोडणीवर असेल तिचा. टीव्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर त्या मोबाइलचा.

दुसरा मार्ग: घरचा संगणक

लग्नाचे चित्रण, मुलांचे स्नेहसंमेलन, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले नाटक अशा गोष्टी बहुधा इंटरनेटवर नसतात, त्या संगणकात असतात. त्या टीव्हीवर आणण्यासाठी २००३ मध्ये सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी ‘डीएलएनए’ ही संघटना उभी केली. संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली, पण तिने ठरवलेले नियम असंख्य टीव्हींत आजही चालतात. संगणकावर जेलीफिन किंवा प्लेक्ससारखे सर्व्हर सॉफ्टवेअर बसवून त्यातली डीएलएनएची सोय चालू केली, की टीव्हीवर त्यातल्या फोल्डरांची यादी दिसते.

इथे संगणक फाइल ढकलत नाही, टीव्ही ती लागेल तशी मागतो. रिमोटने अर्धा तास पुढे उडी मारली, तर टीव्ही ‘या फाइलमधला अमुक बाइटपासून पुढचा भाग दे’ अशी मागणी करतो. वेब पाने ज्या एचटीटीपी पद्धतीने येतात, तिच्यातच अशी सोय आहे. त्यामुळे पाच-सहा गिगाबाइटची फाइल आधी पूर्ण उतरवून घ्यावी लागत नाही.

अडचण येते ती फाइलच्या प्रकाराची. एमपी४ किंवा एमकेव्ही हे केवळ डबे आहेत. आत चित्र कोणत्या मानकाचे आणि आवाज कोणत्या, हे डब्यावरून कळत नाही. चित्र उत्तम दिसते आणि आवाजच नाही, असे होते तेव्हा बहुधा आतला आवाज डीटीएससारख्या, त्या टीव्हीला न उलगडणाऱ्या प्रकारातला असतो. अशा वेळी सर्व्हर फाइल उलगडून टीव्हीला समजेल अशा रूपात तिथल्या तिथे पुन्हा आक्रसून देतो. याला ‘ट्रान्सकोडिंग’ म्हणतात. केवळ आवाज बदलायचा असेल तर काम हलके असते. चित्र बदलायचे असेल, तर जुना संगणक मागे पडतो आणि चित्र थांबत थांबत येते.

मराठी सबटायटलचा प्रश्नही याच जातीचा आहे. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली नसेल, तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे येतात. टीव्हीत देवनागरी फॉन्ट नसेल तर चौकोन दिसतात, आणि फॉन्ट असूनही अक्षरांची जोडणी नीट होत नसेल तर जोडाक्षरे फुटतात. सर्व्हरकडून सबटायटल चित्रातच कोरून घेतले की अडचण सुटते, कारण अक्षरे मांडण्याचे काम मग संगणकाकडे जाते.

तिसरा मार्ग: स्क्रीन मिररिंग

वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये ‘मिराकास्ट’ प्रमाणित करायला सुरुवात केली. यात फोन आणि टीव्ही सामान्यतः राउटरला वगळून थेट जोडले जातात. विंडोज संगणकावर ‘विंडोज’ आणि ‘के’ या कळा एकत्र दाबल्या की हीच सोय उघडते. फोन आपल्या स्क्रीनची प्रत्येक चौकट त्या क्षणी आक्रसून पाठवतो आणि टीव्ही ती लगेच उलगडतो. छायाचित्रे, सादरीकरण, बँकेचा अर्ज, काहीही दाखवता येते. त्याची किंमत फोन मोजतो. तो सतत राबतो, तापतो आणि बॅटरी उतरते.

शिवाय स्क्रीनवर आता काय आहे ते आताच दाखवायचे असल्याने आगाऊ साठा करायला फारसा वाव नसतो. वाय-फायमध्ये क्षणभर अडथळा आला, तरी चित्र तुटते. काही अ‍ॅप मिररिंग सुरू असताना काळा स्क्रीन दाखवतात. तो बिघाड नसतो, चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून मुद्दाम घातलेले ते कुलूप असते.

हवेतली गर्दी

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात. फ्लॅटच्या इमारतीत शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सारे याच पट्ट्यात गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा अधिक असते, पण भिंती आणि स्लॅब त्या लहरींना जास्त अडवतात.

दुसऱ्या मार्गात आणखी एक गोष्ट सहज निसटते. संगणक आणि टीव्ही दोन्ही वाय-फायवर असतील, तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, एकदा संगणकाकडून राउटरकडे आणि एकदा राउटरकडून टीव्हीकडे. दोघांपैकी एकाला जरी राउटरपासून तार जोडली, तरी हवेतला भार निम्म्यावर येतो. अनेक टीव्हींचे तारेचे सॉकेट १०० मेगाबिटचेच असते, पण ८ मेगाबिटच्या चित्रफितीसाठी ते भरपूर आहे.

कशासाठी कोणता मार्ग?

चित्रफीत इंटरनेटवर असेल तर कास्ट करणे सर्वांत सोयीचे, कारण फोन मोकळा राहतो. फाइल घरच्या संगणकात असेल तर सर्व्हर बसवावा. त्यासाठी राउटर चालू असणे पुरते, इंटरनेट बंद असले तरी फाइल दिसते आणि डेटाही खर्च होत नाही. इतर दोन्ही मार्ग खुंटतात तेव्हा, किंवा स्क्रीनच दाखवायचा असतो तेव्हा मिररिंग वापरावे. डीएलएनएमध्ये बहुधा पासवर्ड विचारला जात नाही, घरच्या जाळ्यात जो आला त्याला फाइली दिसतात. म्हणून वाय-फायचा पासवर्ड भक्कम ठेवावा, सर्व्हरला फक्त दाखवायचे फोल्डर द्यावे आणि घरातली उपकरणे बाहेरून कोणाला गाठता येणार नाहीत अशी राउटरची मांडणी आहे ना, हे तपासून घ्यावे.