कागदावर हरलेला फोन

नोकियाचा एन-९५ हा फोन २००७ साली बाजारात आला, तेव्हा विक्रेत्याला सांगण्यासारखं खूप होतं. पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्याला कार्ल झाइसची लेन्स, व्हिडिओ, जीपीएस, थ्रीजी, मेमरी कार्डाची सोय. त्याच वर्षी जूनअखेर अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीला आला. त्याचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा. व्हिडिओ काढता येत नाही, जीपीएस नाही, थ्रीजी नाही. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्याचं साधं कामही त्याला २००९ पर्यंत जमत नव्हतं. हाती एन-९५ असलेल्या माणसाने दोन्ही फोनांच्या गुणांची यादी शेजारीशेजारी मांडली असती, तर नव्या फोनकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं.

पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायला काढला. मग जुन्या फोनला चिकटून राहिलेला तो माणूस चुकलाच म्हणायचं का? तो न्यूयॉर्कमध्ये राहत होता की नाशिकमध्ये, हे आधी विचारायला हवं.

भारतात आयफोन थ्रीजी आला तो २२ ऑगस्ट २००८ रोजी, एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत. आठ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये. नावात थ्रीजी, पण या दोन्ही कंपन्यांकडे थ्रीजी नव्हतंच. खासगी कंपन्यांची ही सेवा २०१० च्या अखेरीस कुठे सुरू झाली. जुलै २००८ मध्ये उघडलेल्या ॲप स्टोअरने अमेरिकेत आयफोनचा कायापालट केला, पण इथे घराबाहेर पडलं की इंटरनेट टूजीच्या गतीने रांगायचं. फोनवरची खरी मजा होती ती मेमरी कार्डात. गल्लीतल्या दुकानात कार्ड द्यायचं, दुकानदार कॉम्प्युटरवरून गाणी भरून द्यायचा, आणि मग कॉलेजच्या कट्ट्यावर तीच गाणी ब्लूटूथने या फोनमधून त्या फोनमध्ये जायची. आयफोनला कार्ड बसत नव्हतं, एफएम रेडिओ नव्हता आणि ब्लूटूथने गाणं पाठवता येत नव्हतं. एकतीस हजार मोजून कट्ट्यावर एकटं पडायचं, असा तो मामला होता. तेव्हा नोकिया न सोडणारा नाशिककर अगदी शहाणा होता, आणि आयफोन घेणारा न्यूयॉर्ककरही.

फोनचा मगदूर निम्मा त्याच्या पोटात असतो आणि निम्मा भोवतालात: कुठलं नेटवर्क मिळतं, कोण माणसं तो वापरतात, बिघडला तर कुठे नेता येतो. दुकानातल्या तक्त्यावर फक्त पहिला निम्मा भाग छापलेला असतो.

ब्लॅकबेरीची गोष्ट तर पूर्णपणे भोवतालाचीच. २००५ पासून तिच्यावर बीबीएम ही निरोपांची सोय होती, आणि ती फक्त ब्लॅकबेरीवरून ब्लॅकबेरीवर चालायची. फोन नंबरऐवजी पोरं एकमेकांना पिन द्यायची. व्होडाफोनच्या २०१० च्या जाहिरातीत सुटाबुटातल्या साहेबलोकांच्या घोळक्यात तरुण मंडळी घुसताना दिसली, ती उगाच नव्हे. आयफोन किंवा अँड्रॉइड कितीही चांगला असला तरी तो घेतला की मित्रांच्या कंपूतून बाहेर पडावं लागायचं. मात्र २००९ मध्ये निघालेलं व्हॉट्सॲप कुठल्याही बनावटीच्या फोनवर चालू लागलं आणि कंपूच तिकडे हलला. बीबीएम इतर फोनांवर आलं ते ऑक्टोबर २०१३ मध्ये. तोवर वरात निघून गेली होती. जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ पासून थांबवली.

ॲपलला हा धडा पाठ होता. एपिक गेम्सने केलेल्या खटल्यात २०२१ मध्ये ॲपलचे जुने ई-मेल उघड झाले. त्यातल्या २०१३ च्या एका मेलमध्ये वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडेरिघी यांनी चिंता व्यक्त केली होती, की आयमेसेज ही ॲपलची निरोपांची सोय अँड्रॉइडवर दिली तर आयफोन वापरणारे पालक आपल्या मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन द्यायला मोकळे होतील. अमेरिकेत आयफोनवरून आयफोनवाल्याला पाठवलेला निरोप निळा आणि अँड्रॉइडवाल्याला पाठवलेला हिरवा दिसतो, त्यावरून शाळकरी मुलांत चिडवाचिडवी होते. भारतात शंभरातले नव्वदहून अधिक फोन अँड्रॉइडचे आणि सगळी बोलणी व्हॉट्सॲपवर, त्यामुळे निळ्या-हिरव्याचं इथे कुणाला सोयरसुतक नाही. फोनची जात बदलायला भारतीय ग्राहक अमेरिकन ग्राहकापेक्षा जास्त मोकळा आहे, हे फारसं कुणी बोलत नाही.

मोकळा आहे, पण गाठी आहेतच. सर्वांत घट्ट गाठ व्हॉट्सॲपचीच. अँड्रॉइडवर जुन्या गप्पांचा साठा गुगलकडे जातो, आयफोनवर ॲपलच्या आयक्लाउडकडे. एकीकडचा साठा दुसरीकडे उघडत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा नेण्याची अधिकृत वाटच नव्हती. मग ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून ती निघाली. दोन्ही फोन चार्जरला लावायचे, एकाच वायफायवर ठेवायचे, आयफोनवर दिसणारा आकडा अँड्रॉइडमध्ये टाकायचा आणि न्यायच्या गोष्टींत व्हॉट्सॲप निवडायचं. अट अशी, की नवा फोन कोरा हवा. उत्साहाच्या भरात आधी फोन सुरू करून, फोटो काढून, ॲप्स भरून झाली आणि मग वडिलांचे जुने व्हॉइस मेसेज आठवले, तर फोन पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरी गाठ यूपीआयची. तिथे खरी ओळख पटते ती सिमची. नव्या फोनवर ॲप उघडलं की बँकेत नोंदलेल्या नंबरवरून एक एसएमएस जातो आणि त्यावरून फोन खात्याशी जोडला जातो. अँड्रॉइडवर तो आपोआप सुटतो. आयफोनवर मजकूर तयार मिळतो, पण पाठवण्याचं बटण स्वतः दाबावं लागतं. त्यानंतरही सुरुवातीचा काही काळ पैसे पाठवण्याची मर्यादा एरवीपेक्षा बरीच कमी असते. लग्नाच्या हॉलचे पैसे भरायचे असतील त्या दिवशी फोन बदलू नये, हे सांगणारा सेल्समन विरळाच.

मनगटी घड्याळ असेल तर तोही हिशेब धरावा. ॲपलचं घड्याळ अँड्रॉइडशी जुळत नाही आणि सॅमसंगची २०२१ पासूनची गॅलेक्सी घड्याळं आयफोनशी. मराठी टायपिंगची अडचण मात्र आता राहिलेली नाही.

बदलायचं कारणही एकदा तपासून घ्यावं. ‘फोन फार हळू झालाय’ ही सर्रास तक्रार. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग कंपनीच मुद्दाम कमी करत होती, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. ओरड झाल्यावर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आला. नव्या बॅटरीने अनेकांचे फोन पुन्हा धावू लागले. दुसरं कारण अपडेटचं. अँड्रॉइडला दोन-तीन वर्षांनी कुणी विचारत नाही, हे पूर्वी खरं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस-२४ सात वर्षांच्या अपडेटचं वचन घेऊन आले, तेव्हापासून महागड्या फोनांपुरता हा मुद्दा उरला नाही. स्वस्त फोन घेताना अजूनही विचारूनच घ्यावं.

दुरुस्तीत मोठा फरक आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाचा मोबाइल बाजार जवळ असेल तर प्रश्न नाही, पण तालुक्याच्या गावात खपाच्या अँड्रॉइडचा डिस्प्ले मिळणं सोपं. आयफोन ११ पासून बाहेरचा डिस्प्ले बसवला की सेटिंग्जमध्ये तशी नोंद दिसते, आणि पुढे फोन विकताना गिऱ्हाईक नेमकं तिथे बोट ठेवतं.

आणि एक्स्चेंज. ऑनलाइन खरेदीत नवा फोन घेऊन येणारा माणूस दारातच जुना तपासतो, पुसलेला आहे ना बघतो आणि घेऊन जातो. नवा अजून खोक्यातच असतो. व्हॉट्सॲप न्यायला तर दोन्ही फोन एकाच वायफायवर चालू हवेत! अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्याने अशा वेळी दुकानाच्या काउंटरवर बसून आधी सगळं नव्या फोनवर घ्यावं आणि मगच जुना हातावेगळा करावा. नाहीतर जुना फोन पंधरा दिवस घरी ठेवून नंतर वेगळा विकावा. एक्स्चेंजचा बोनस जाईल, पण बँकेचं एखादं विसरलेलं ॲप सापडायला तेवढे दिवस लागतातच.